१०० सीसीच्या गाडीवर वडिलांना मागे बसवून नवी मुंबईहून तळकोकणात जाता येईल का?

जाता येतं. तुम्ही लिहिलंय की वडील ६८ वर्षांचे, गाडी स्प्लेंडर, कोपरखैरण्याहून वेंगुर्ल्यापर्यंत जायचं आणि परत कोल्हापूरवरून यायचं. मित्र म्हणतात बुलेट भाड्याने घे, आई म्हणते ट्रेनने जा. मी ठाण्याचा. माझ्या बाबांना मागे बसवून, स्प्लेंडरवरूनच, जवळपास याच वाटेने गेलोय. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गाडीची चिंता सगळ्यात कमी करा. ९७.२ सीसीचं इंजिन, ताकद आठ बीएचपीच्या आसपास. दोन माणसं आणि बॅगा घेऊन ताशी ५०-५५ च्या वेगाने ते दिवसभर कुरकुर न करता चालतं. टाकी ९.८ लिटरची आहे आणि दोघं बसूनही पन्नासच्या वर ॲव्हरेज मिळतं, म्हणजे पुढचा पंप कुठे येईल हे बघत बसावं लागत नाही. काही बिघडलंच तर महाडपासून सावंतवाडीपर्यंत कुठल्याही गावातल्या मेकॅनिकला ही गाडी पाठ असते. बुलेट मात्र या कामासाठी घेऊ नका. बुलेट म्हणून सहसा मिळते त्या रॉयल एनफील्ड क्लासिक ३५० चं वजन १९५ किलो, स्प्लेंडरचं ११२. वयस्कर माणूस गाडीवर चढता-उतरताना एका बाजूला कलतो, तेव्हा दोन्ही पाय टेकून गाडी तोलून धरायची असते ती तुम्हाला. तिथे ऐंशी किलोचा फरक फार मोठा. शिवाय भाड्याच्या गाडीची ब्रेकची, क्लचची सवय तुम्हाला नसणार, आणि ती सवय वडिलांना मागे बसवून करायची नसते.

खरा प्रश्न मागे बसणाऱ्याचा आहे. दिवसाला किती किलोमीटर जायचं, कुठे थांबायचं, कधी निघायचं, हे सगळं त्यांच्या गुडघ्यांनी आणि कमरेने ठरवायचं. लहान गाडीवर मागचं फूटरेस्ट सीटच्या मानाने वर असतं, त्यामुळे गुडघा चांगलाच दुमडतो. चालवणाऱ्याला हालचाल असते, मागच्याला नसते. म्हणून दर चाळीस-पन्नास किलोमीटरला थांबा, आणि नुसतं थांबू नका, त्यांना उतरवून पाच मिनिटं चालायला लावा. ते 'मला काही होत नाही, चल तू' म्हणतील. तरी थांबा.

माझे बाबा एसटीत ड्रायव्हर होते. उभा जन्म कोकणच्या गाड्या चालवलेला माणूस, त्यामुळे रस्त्यातला प्रत्येक स्टँड त्यांना माहीत. त्यातून आम्हाला एक गोष्ट फार उपयोगी पडली. साठीनंतर बऱ्याच पुरुषांना वारंवार लघवीला जावं लागतं, आणि ते मुलाला सांगायला त्यांना अवघड वाटतं. मग ते पाणीच कमी पितात, आणि उन्हात पाणी कमी प्यायलं की चक्कर येते. आम्ही थांबेच एसटी स्टँडचे ठरवले. पेण, माणगाव, महाड, खेड, चिपळूण, मग हातखंबा मागे टाकून लांजा, राजापूर, कणकवली. स्टँडवर शौचालय असतं, बसायला बाक असतो, चहा असतो, आणि 'का थांबलो' हे कुणी कुणाला विचारायची वेळ येत नाही. तुम्हीही असेच करा. पाण्याची बाटली त्यांच्या हाताला येईल अशी ठेवा आणि प्रत्येक थांब्यावर स्वतः प्या, म्हणजे तेही पितील.

आता चढण्या-उतरण्याचं. हे वाचायला क्षुल्लक वाटेल, पण माझ्या मते अख्ख्या प्रवासातली सगळ्यात जपायची जागा हीच. कॅरिअरवर बॅग बांधली की मागच्या बाजूने पाय टाकता येत नाही, पाय तुमची पाठ आणि बॅग यांच्या मधल्या वीतभर फटीतून पलीकडे न्यावा लागतो. गाडी एखाद्या ओट्याला किंवा फूटपाथला डावीकडून लावा. तुम्ही बसा, दोन्ही पाय जमिनीवर घट्ट, पुढचा ब्रेक दाबलेला, गाडी न्यूट्रलमध्ये. मग त्यांनी ओट्यावर उभं राहून तुमच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवायचे, डावा पाय फूटरेस्टवर, आणि उजवा पाय गुडघ्यात दुमडून पलीकडे. ओटा असला की पाय फार उचलावा लागत नाही. ते नीट बसून 'चल' म्हणेपर्यंत गिअर टाकायचा नाही. उतरतानाही तसंच. हे निघायच्या आदल्या आठवड्यात सोसायटीच्या आवारात बॅग बांधून दोन-चार वेळा करून बघा.

बॅग कॅरिअरवर उभी आणि घट्ट बांधली तर तिचा पाठीला टेकू होतो. आत मऊ कपडे भरा, टणक वस्तू नकोत. बांधायला हुकाच्या रबरी दोऱ्या चालतात, पण वरून सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी आवळली की बॅग हलतच नाही. उजव्या बाजूला सायलेन्सर असतो, तिकडे काही लोंबू देऊ नका. औषधं बॅगेत ठेवायची नाहीत, ती त्यांच्या खिशात किंवा तुमच्या टाकीवरच्या लहान बॅगेत. शुगरची गोळी घेत असतील तर जेवणाची वेळ चुकवू नका. गोळी पोटात आणि जेवण लांबलेलं, अशाने शुगर खाली येते, घाम फुटतो, हात थरथरतात, आणि मागे बसलेल्या माणसाची पकड सुटू शकते. साखर किंवा ग्लुकोजची पुडी जवळ हवीच. निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांशी एकदा बोलून घ्या.

हेल्मेट दोघांनाही. कायद्याने मागच्यालाही सक्तीचं आहे, मोटार वाहन कायद्याचं कलम १२९. पण कायदा राहू द्या, त्यांच्या मापाचं, आयएसआय मार्कचं, चष्मा घालून बसेल असं हेल्मेट त्यांना स्वतः दुकानात नेऊन घ्या. आणि खाणाखुणा आधीच ठरवा, कारण हेल्मेट घालून वाऱ्यात बोललेलं ऐकू येत नाही. आमच्याकडे खांद्यावर एक थाप म्हणजे हळू, दोन म्हणजे थांब. वेग साठच्या वर गेला की हमखास एक थाप यायची, आणि पुढच्या थांब्यावर उतरल्या-उतरल्या प्रश्न, "रे, खंय आग लागली हा?"

रस्त्याचं सांगतो. पहाटे पाचला निघा. ठाणे-बेलापूर रोडने बेलापूर, खारघर, कळंबोली, मग पळस्पे फाटा. उजाडल्यावर या पट्ट्यात कंटेनर वाढतात, त्याआधी कर्नाळा मागे पडलेला बरा. शनिवार-रविवार टाळा, माणगावात कोंडी होते आणि उन्हात पहिल्या गिअरमध्ये रांगणं मागच्याला फार जड जातं. पहिला मुक्काम चिपळूण, सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. तेवढं पुरे. कशेडीला आता बोगदा आहे, घाट टळतो. आत शिरण्याआधी हेडलाइट लावा. दुसऱ्या दिवशी कणकवली, तिसऱ्या दिवशी सकाळच्या उन्हात कुडाळवरून वेंगुर्ला. एका दिवसात पोचणारे लोक आहेत. ते एकटे असतात आणि तिशीतले असतात.

जायचं दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत. पावसात मुळीच नको, परशुराम घाटात दरड येते आणि डायव्हर्जनची खडी ओली झाली की लहान टायर घसरतात.

सागरी मार्गाचा मोह होईल. आगरदांडा-दिघी, वेसवी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशा फेरीबोटी आहेत आणि चारही ठिकाणी बाईक चढते. फार सुंदर रस्ता आहे, पण खाडीकडे उतरणारे उतार तीव्र आणि वळणं आंधळी. वडिलांना आवड असेल तर एखादाच टप्पा घ्या. बोटीवर चढताना त्यांना धक्क्यावरच उतरवा, लोखंडी फळी ओली असते. त्यांनी आधी चालत आत जायचं, गाडी मागून तुम्ही एकट्याने न्यायची.

घाटात एकच नियम, बाबांचा आणि प्रत्येक जुन्या एसटी ड्रायव्हरचा: ज्या गिअरात चढाल त्याच गिअरात उतरा. स्प्लेंडरला बहुतेक वेळा दोन्ही चाकांना ड्रम ब्रेक असतात. दोन माणसांच्या वजनाने उतारावर ते सतत दाबत राहिलात तर तापतात आणि लागेनासे होतात. दुसऱ्या गिअरात इंजिनच गाडी आवरतं. न्यूट्रल करून पेट्रोल वाचवायचा विचारसुद्धा नको. आणि चढावर ट्रकच्या मागे अडकलात तर अडकून राहा. १०० सीसीत डबलसीट ओव्हरटेक करायला लागतं तेवढं मोकळं अंतर घाटात मिळत नाही.

परतीला सावंतवाडीवरून आंबोली घ्या, मग आजरा, गडहिंग्लज, कोल्हापूर. आंबोलीचा चढ ही गाडी आरामात घेते. पण कोल्हापूरहून सरळ पुण्याचा हायवे धरू नका असं माझं मत. रस्ता उत्तम आहे, पण मोठ्या गाड्या शंभरच्या वेगाने बाजूने जातात आणि प्रत्येक बसबरोबर वाऱ्याचा धक्का बसतो. मागे बसलेला माणूस तासाभरात आखडून जातो. एक दिवस जास्त असेल तर सांगली, मिरज, सांगोला करत पंढरपूरला जा आणि तिथून माळशिरस, फलटण, लोणंद, जेजुरी, सासवड असे या.

आम्ही तसे गेलो, बाबांच्या इच्छेने. आषाढीच्या जादा गाड्या घेऊन ते वर्षानुवर्षं पंढरपूरला जात. पण गाडी रिकामी केली की परतीच्या प्रवाशांसाठी लावायची, मधल्या वेळात सीटवरच डोळा लावायचा. कळस दिसायचा, दर्शनाच्या रांगेत उभं राहण्याइतका वेळ कधी नसायचा. त्या प्रवासात त्यांनी नामदेव पायरीवर डोकं टेकवलं, मग रांगेत उभे राहिले, घाई न करता. दुसऱ्या दिवशी पालखीमार्गाने उलटे निघालो तेव्हा वेळापूर, नातेपुते, बरड, तरडगाव, प्रत्येक मुक्कामाचं गाव यायच्या आधी मागून नाव ऐकू यायचं. कधी कुठे पंक्चर झालं होतं, कुठल्या गावात वारकऱ्यांनी जबरदस्तीने जेवायला बसवलं होतं, हे सगळं त्या रस्त्यावर मला कळलं. घरी बत्तीस वर्षं एका छताखाली राहून यातलं काहीच मी ऐकलं नव्हतं. तुमच्या वडिलांचाही असा एखादा रस्ता असेल. नोकरीचा, शाळेचा, आजोळचा. त्यांना विचारा आणि आखणीत तो घ्या, चाळीस किलोमीटरचा वळसा पडला तरी चालेल.

पुण्याहून पुढे जुना हायवे, लोणावळा-खोपोली-पनवेल. एक्स्प्रेसवेवर दुचाकीला बंदी आहे.

गाडीचं काम निघण्याच्या चार दिवस आधी करा, आदल्या दिवशी नको. ऑइल, ब्रेक शू, क्लच केबल, चेन. मागे माणूस बसल्यावर चेन ताणली जाते, म्हणून ती फार कडक ठेवू नये, दोघं बसलेले असताना थोडा झोल राहिला पाहिजे. मागचे दोन्ही शॉकॲब्सॉर्बर पाच टप्प्यांचे असतात, ते कडक बाजूला दोन घर फिरवून घ्या. मागच्या टायरची हवा एकट्यासाठी वेगळी आणि डबलसीटसाठी वेगळी असते, कंपनीने दिलेला आकडा बघून भरा. ट्यूबचा टायर असेल तर एक जादा ट्यूब बरोबर ठेवा.

एक गोष्ट फारशी कुणी बघत नाही. गाडीच्या विम्याबरोबर जो सक्तीचा अपघात विमा असतो तो मालक-चालकाचा. मागे बसणाऱ्याचा वैयक्तिक अपघात विमा वेगळा जोडून घ्यावा लागतो. पॉलिसी काढून बघा, नसेल तर विमा एजंटला फोन करून विचारा.

आईचं राहिलं. त्यांना थांब्यांची यादी लिहून द्या, स्टँडच्या नावांसकट, आणि प्रत्येक स्टँडवरून फोन तुम्ही नाही, वडिलांनी करायचा. पेणचा फोन गेला, माणगावचा गेला, की महाडपर्यंत त्यांचा आवाज निवळलेला असतो. आणि चिपळूणला पोचल्यावर वडील थकलेले वाटले तर तिथून ट्रेनचा पर्याय आहेच. ते ट्रेनने पुढे जातील, तुम्ही बाईक घेऊन या. हे आईला आधीच सांगून ठेवा, वडिलांनाही.