ताई, धाकट्याला मारतायत ते!

गेल्या अंकात मी कॅनडातल्या व्हँकूवरच्या स्टॅनली पार्कमधल्या निळ्या बगळ्यांच्या, म्हणजे इथले लोक ज्यांना ग्रेट ब्लू हेरॉन म्हणतात त्यांच्या, वसाहतीबद्दल लिहिलं होतं. त्यावर एवढी पत्रं आली की निम्मी पुढच्या अंकासाठी ठेवावी लागली. नव्या वाचकांसाठी दोन ओळी: मी पक्षितज्ज्ञ नाही. बँकेत रोखपाल होते. निवृत्त होऊन लेकीकडे इथे आले, नातवाला टेनिसला सोडायचं आणि तासभर बाकावर बसायचं हे काम माझ्याकडे आलं. टेनिस कोर्टाच्या डोक्यावरच्याच झाडांत ही घरटी. नातू आता कॉलेजात गेला, मी अजून त्याच बाकावर आहे.

प्रश्न : सिएटलजवळ आमच्या घरामागे कॉटनवुडच्या झाडांवर या बगळ्यांची दहा-बारा घरटी आहेत. तुमचा लेख वाचून दुर्बीण घेतली. एका घरट्यात चार पिल्लं आहेत, त्यातलं एक अगदी बारकं. मोठी दोघं त्याच्या डोक्यावर सटासट चोची मारतात आणि आई शेजारी ढिम्म उभी! ताई, मला जेवण जात नाही. धाकट्याला मारतायत ते! कुणाला कळवू का?

नका कळवू. पहिल्या वर्षी मीही अशीच कासावीस झाले होते. बागेतल्या एका कर्मचाऱ्याला हाताला धरून झाडाखाली नेलं होतं. तो बिचारा वर बघून म्हणाला, "हो, असंच असतं," आणि निघून गेला. मला त्याचा राग आला होता. आता मी तुम्हाला तेच सांगणार आहे, फक्त जरा सविस्तर.

मादी सगळी अंडी एका दिवशी घालत नाही. साधारण दोन दिवसांनी एक, अशी तीन-चार, कधी पाच. उबवणं मात्र सुरुवातीच्या अंड्यांपासूनच सुरू होतं. त्यामुळे चौथं पिल्लू बाहेर येतं तेव्हा थोरलं जवळजवळ आठवड्याचं झालेलं असतं. बगळ्याच्या घरात आठवडा म्हणजे फार. थोरल्याला मान उचलून नेम धरता येतो, धाकट्याला डोकंही पेलवत नाही. वर्ष चांगलं असेल तर चौघंही जगतात, वाईट असेल तर जेवढ्यांना पुरतं तेवढीच उरतात. आणि जी ढिम्म उभी आहे ती आईच असेल असं धरून चालू नका. दोघं दिसायला सारखेच असतात, नर किंचित मोठा. अंडी असताना दिवसा बसायची पाळी बहुतेक नराची असते, रात्री मादीची. पिल्लांना भरवायला दोघंही येतात. मारामारीत मध्ये मात्र दोघंही पडत नाहीत.

आता एक गंमत सांगते. डग्लस मॉक नावाच्या अभ्यासकानं टेक्ससच्या किनाऱ्यावर दोन जातींची घरटी पाहिली: हे निळे बगळे, आणि आपल्याकडच्या मोठ्या पांढऱ्या बगळ्याचे तिथले भाऊबंद. पांढऱ्यांच्या घरट्यात थोरले धाकट्याला बऱ्याचदा मारूनच टाकत. निळ्यांच्या घरट्यात भांडणं होत, पण जीव जाण्याइतकी क्वचित. मग त्यानं पिल्लांची अदलाबदल केली. पांढऱ्यांकडे वाढलेली निळी पिल्लं तशीच मारकुटी झाली! १९८४ मध्ये त्यानं हे छापलं. त्याचं म्हणणं असं, की पांढरे बगळे बारीक मासळी आणतात. ती थोरला आईच्या चोचीतूनच गट्ट करू शकतो, म्हणून धाकट्याला हाणून बाजूला ठेवण्यात त्याचा फायदा असतो. निळे आणतात मोठा मासा. तो घरट्याच्या तळाशी पडतो, सगळे त्याला टोचत बसतात, आणि एकट्याला तो राखता येत नाही. मला हे वाचून आमच्या शाखेतली दिवाळीची मिठाई आठवली. पेढे असले की भांडणं, केक असला की शांतता.

तेव्हा चोची मोजण्यापेक्षा घास मोजा. मी सात नंबरच्या घरट्यात तेच केलं. नातवानं त्यातल्या शेंडेफळाचं नाव चिल्लर ठेवलं होतं. चिल्लर मार खायला लागला की घरट्याच्या कडेला जाऊन मान बाहेर लोंबकळत ठेवायचा, मेल्यासारखी. थोरल्यांची पोटं फुगली, ती आडवी झाली, की हळूच मागे सरकून तळाशी उरलेलं उचलायचा. एका दुपारी मी घड्याळ लावून बसले. पालक आला, थोरल्यानं त्याची चोच कात्रीसारखी आडवी धरून खाली ओढली, मासा पडला, तिघं तुटून पडली. चिल्लरनं चोवीस मिनिटं मान हलवली नाही. पंचविसाव्या मिनिटाला उठून त्यानं शेपटाचा तुकडा गिळला. गळ्यातून तो तुकडा खाली सरकताना दिसत होता.

त्या वर्षी चिल्लर जगला. पुढच्या वर्षीचा नाही जगला.

एक व्यवहाराची गोष्ट: ओहोटीचं वेळापत्रक फोनमध्ये घेऊन ठेवा. आपल्या या किनाऱ्यावर उन्हाळ्यात मोठी ओहोटी दिवसा येते. पाणी मागे हटलं की बगळे उथळ गवतातली मासळी टिपतात आणि घरट्यावरच्या खेपा वाढतात. भरतीच्या वेळी दुर्बीण लावून बसलात तर उपाशी पिल्लांची भांडणंच बघत बसाल, आणि मग जेवण जाणार नाहीच.

प्रश्न : मला पिल्लांपेक्षा जोड्या जमताना बघायच्या आहेत. कधी जाऊ? नेमकं काय बघायचं?

मार्चच्या मध्याला. स्टॅनली पार्कच्या या झाडांवर ते २००१ पासून दर वर्षी येतायत, साधारण त्याच सुमाराला. नर आधी येऊन घरटं अडवतात, बहुधा जुनंच. जोडी गेल्या वर्षीची असतेच असं नाही, बहुतेक दर हंगामाला नवी जमते. झाडांना पानं नसतात, त्यामुळे सगळं उघड्यावर चालतं.

रंग बघा आधी. एरवी पिवळी असणारी चोच केशरी होते, डोळ्यापुढची कातडी निळसर-हिरवी, पायांवर लाली. पाठीवर आणि छातीवर लांब झालरी. असा नटलेला नर घरट्यात उभा राहून मान सरळ आभाळाकडे ताणतो, चोच अगदी वर, मग हळूहळू खाली येत एक विव्हळल्यासारखा आवाज काढतो. जवळपास दोन मीटर पंखांचा पक्षी, पण आवाज जुन्या दारासारखा. मादी लगेच हो म्हणत नाही. जवळ आली की तो चोच खटकन् मिटतो, ती उडून शेजारच्या फांदीवर जाते, परत येते.

जमलं की काटक्या सुरू. तो आणतो, ती लावते. एका खेपेला एकच काटकी. तो उतरला की दोघांचे तुरे उभे राहतात, चोचीला चोच लागते, काटकी हातची हातात दिल्यासारखी दिली जाते. मग ती काटकी खुपसते, ओढून बघते, काढते, दुसरीकडे खुपसते. एका सकाळी मी पाहिलं, एकच काटकी तिनं चार ठिकाणी लावली आणि शेवटी खाली टाकून दिली. नर तोवर पुढची आणायला गेला होता, कुठे? तर शेजारच्या रिकाम्या घरट्यातली उचलायला. शेजारी मासे पकडायला गेलेले. आल्यावर जो गोंधळ झाला तो टेनिस खेळणारेही थांबून ऐकत होते.

प्रश्न : मी आणि माझ्या मिस्टरांनी एकाच दिवशी घरटी मोजली. माझी सव्वीस, त्यांची एकतीस. कोण बरोबर?

दोघंही नाही, असं समजा आणि पुन्हा मोजा. रोख जुळली नाही तर आम्ही काउंटर बंद करत नसू.

मोजणी पालवी फुटायच्या आत करायची. एप्रिल सरता सरता पानं येतात आणि अर्धी वसाहत झाकली जाते. मी पहिल्या वर्षी मे महिन्यात सुरुवात केली होती, रोज नवा आकडा. एक जागा ठरवा, दर वेळी तिथूनच. झाडांचा फोटो काढून कागदावर छापा, प्रत्येक घरट्याला पेनानं नंबर द्या. दोघांनी वेगवेगळं मोजा आणि नंबर जुळवा, नुसते आकडे नकोत. मिस्टरांनी बहुतेक एकच घरटं दोन बाजूंनी दोनदा धरलंय. (किंवा तुम्ही पाच सोडलीत, पण हे घरी सांगू नका.)

घरटं दिसलं म्हणजे ते चालू आहे असं नाही. बसलेला पक्षी दिसायला हवा, किंवा खाली ताजा पांढरा सडा. अंड्याची कवचंही वाचता येतात: फिकट निळी, खडूसारखी. मधोमध गोल फिरवून कापल्यासारखी वाटी मिळाली तर पिल्लू सुखरूप बाहेर पडलं. भोक पाडलेलं आणि आत बलक सुकलेला असेल तर तो कावळा.

प्रश्न : मे महिन्यात आमच्या इथल्या वसाहतीवर गरुड आला आणि पिल्लू घेऊन गेला. सगळे बगळे एकदम उडाले. आता वसाहत उठणार का?

एका हल्ल्यानं सहसा उठत नाही. वारंवार झालं तर सगळेच्या सगळे घरटी टाकून जातात, हेही खरं. हा पांढऱ्या डोक्याचा गरुड, बाल्ड ईगल, एकेकाळी डीडीटी या कीटकनाशकामुळे अंड्यांची कवचं पातळ होऊन फार कमी झाला होता. अमेरिकेत १९७२ मध्ये डीडीटीवर बंदी आली आणि गरुड पुन्हा वाढले. एकाचं बरं झालं, दुसऱ्याची झोप उडाली.

पण याच सॅलिश सीच्या, म्हणजे आपल्या व्हँकूवर-सिएटलकडच्या समुद्राच्या, काठावर अभ्यासकांना आणखी एक दिसलं: काही बगळे मुद्दाम गरुडाच्या घरट्याजवळच वसाहत करतात. वेडेपणा वाटतो, पण घरट्यावरचा गरुड आपल्या हद्दीत बाकीच्या गरुडांना फिरकू देत नाही. एका गरुडाला अधूनमधून एखादं पिल्लू द्यायचं आणि इतरांपासून सुटायचं. हप्ताच म्हणा ना.

हल्ला झाला की तुम्ही मात्र मागे व्हा. मोठे पक्षी उडालेले असताना खाली माणसांची गर्दी असली तर ते परतायला उशीर लावतात, आणि तेवढ्यात कावळे अंडी साफ करतात.

प्रश्न : ड्रोननं घरट्याच्या आतलं चित्रीकरण केलं तर चालेल का? आवाज फार नाही त्याचा.

नाही. वरून येणारी प्रत्येक गोष्ट त्यांच्या लेखी गरुड आहे. शिवाय आमच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या वन्यजीव कायद्याच्या ३४व्या कलमात बगळ्याच्या घरट्याचं नाव घेऊन संरक्षण दिलंय, रिकाम्या घरट्यालासुद्धा. आतलं बघायचं असेल तर स्टॅनली पार्कच्या वसाहतीवर २०१५ पासून कॅमेरा आहे. घरी चहा घेत बघा.

प्रश्न : हा आपला राखी बगळाच ना? नाशिकजवळ नांदूरमधमेश्वरला आम्ही पाहतो तो?

नाही, पण अगदी सख्खा. हा अंगानं मोठा, आणि मांड्यांवरची पिसं तांबूस असतात. राखी बगळ्याच्या मांड्या पांढऱ्या. वसाहत बघायची रीत मात्र दोघांची एकच, तेव्हा वरची सगळी उत्तरं तुम्हालाही लागू. ओहोटी, महिने आणि इथला कायदा सोडून.

प्रश्न : झाडांच्या बुंध्यांना पत्रे का मारलेत?

रकून, म्हणजे इथले झाडांवर चढणारे निशाचर प्राणी, चढू नयेत म्हणून. रात्री चढून अंडी-पिल्लं खातात.

प्रश्न : ताई, जूनमध्ये कुंपणाशी उभी होते. वरून काहीतरी पडलं आणि नवं जॅकेट गेलं. डाग आणि वास दोन्ही जात नाहीत. उपाय?

पांढरं असेल तर विष्ठा. वाळू द्या, ब्रशनं झाडा, मग धुवा. पण वासाचं म्हणताय म्हणजे तो मासा. पिल्लं घाबरली की पोटातलं ओकतात, आणि कधी चोचीतून निसटूनही पडतं. गार पाण्यातच भिजवा, गरम घातलंत की वास कापडात बसला. माझं पहिलं जॅकेट मी तीनदा धुतलं, तरी लेक ते गाडीत ठेवू देईना. शेवटी ते बगळ्यांचंच झालं, दर वर्षी तेच घालते. तुम्ही जुलै संपेपर्यंत छत्री न्या. कडक ऊन असलं तरी.