वाचकांचे प्रश्न : स्टीफन विल्टशर आणि नसलेलं धुराडं

गेल्या अंकात लंडनचा स्वमग्न (ऑटिझम असलेला) चित्रकार स्टीफन विल्टशर याच्यावर एक छोटी टीप होती : हेलिकॉप्टरमधून शहर एकदाच बघायचं आणि मग आठवणीतून इमारत-न्-इमारत कागदावर उतरवायची. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काहींची ही उत्तरं.

त्याला ‘मानवी कॅमेरा’ म्हणतात. मग ही कला कसली? ही तर नक्कल झाली. (पुणे)

‘मानवी कॅमेरा’ हे बिरुद वर्तमानपत्रांना सोयीचं आहे, पण ते चुकीचं आहे. मेंदूविकारतज्ज्ञ ऑलिव्हर सॅक्स यांनी विल्टशरचा जवळून अभ्यास केला होता. त्याने त्यांचं घर एक नजर टाकून काढलं. चित्र हुबेहूब वाटावं असं होतं, पण घराला नसलेलं धुराडं त्यात होतं, आणि समोरची झाडं, कुंपण, शेजारची घरं गायब होती. कॅमेऱ्याकडून असं होत नाही. फ्रेंच चित्रकार आंरी मातीसचं एक चित्र सॅक्सनी त्याच्याकडून आठवणीतून अनेकदा काढून घेतलं, तेव्हा दर वेळी तपशील थोडे वेगळे आले, पण ढंग मातीसचाच राहिला.

त्याचं एखादं शहरचित्र अगदी जवळून बघा. रेघ पट्टीने मारलेली नसते, तिला किंचित थरथर असते. लांबच्या इमारतींच्या खिडक्या म्हणजे पेनाचे भराभर मारलेले फटकारे असतात. मजले आणि कमानी मात्र तो जपतो. काय जपायचं आणि काय फटकाऱ्यावर सोडायचं हे हातच ठरवतो, आणि आमच्या मते कला नेमकी तिथेच आहे.

एवढी लांबलचक चित्रं नेमकी होतात कशी? हातचलाखी नाही ना? (कोल्हापूर)

ही चित्रं लोकांसमोर काढली जातात, कॅमेरे चालू असतात. 2001 मध्ये बीबीसीच्या कार्यक्रमासाठी त्याने लंडनवरून उड्डाण केलं आणि नंतर तीन तासांत चार चौरस मैलांचा भाग काढला. त्यात 12 ऐतिहासिक वास्तू आणि आणखी सुमारे 200 बांधकामं होती. 2005 मध्ये टोकियो : 10 मीटर लांब, सात दिवस. म्हणजे दिवसाला जवळजवळ दीड मीटर. 2009 मध्ये न्यूयॉर्क, सुमारे 20 मिनिटांच्या फेरीनंतर. 2014 मध्ये सिंगापूर : चार मीटर लांब, एक मीटर उंच, पाच दिवस. इथे वेग दिवसाला 80 सेंटिमीटरवर आला.

उड्डाणात तो रेखाटन करत नाही. काढताना बहुतेक वेळा कानांत गाणी चालू असतात. हत्यार म्हणजे बारीक टोकाचं शाईचं पेन, खोडरबर कामाचा नाही. एखादा मनोरा दोन सेंटिमीटर डावीकडे सरकला तर त्याच्या उजवीकडची सगळी गल्ली सरकते. म्हणून इमारती नुसत्या आठवून भागत नाही, एकीचं दुसरीपासूनचं अंतरही डोक्यात पक्कं असावं लागतं. स्वमग्न व्यक्तींपैकी अनेकांचं लक्ष अख्ख्या दृश्याआधी सुट्या भागांवर जातं, असं या विषयातले अभ्यासक मानतात. आपण ‘एक चर्च’ म्हणून पुढे जातो. ज्याला आधी कमानी, खांब आणि कोनाडे दिसतात, त्याच्या हाती चित्रासाठी जास्त माल उरतो. पण एवढ्यानेच कोणी विल्टशर होत नाही.

देणगी जन्माचीच ना? मग शिक्षणाचा संबंध काय? (बेळगाव)

जन्म 24 एप्रिल 1974, लंडन. वडील मूळचे बार्बाडोसचे, आई सेंट लुसियाची. तिसऱ्या वर्षी स्वमग्नतेचं निदान झालं, बोलणं नव्हतं. क्वीन्समिल या विशेष शाळेत शिक्षकांनी त्याचं चित्रांचं सामान मुद्दाम हाताबाहेर ठेवलं, म्हणजे ते मागावं तरी लागेल. पहिला शब्द फुटला तो ‘पेपर’. पुरतं बोलायला नववं वर्ष उजाडलं. आठव्या वर्षी ब्रिटनचे माजी पंतप्रधान एडवर्ड हीथ यांच्याकडून सॉल्सबरी कॅथीड्रलच्या चित्राचं काम मिळालं. 1987 मध्ये बीबीसीवर वास्तुकार ह्यू कॅसन यांनी त्याचं तोंडभरून कौतुक केलं, आणि घरोघरी नाव झालं. चित्रांची पुस्तकं निघाली. 1991 चं ‘फ्लोटिंग सिटीज’ ब्रिटनमध्ये खपाच्या यादीत पहिलं आलं.

आणि एवढं नाव झाल्यावर, एकविसाव्या वर्षी, तो लंडनच्या सिटी अँड गिल्ड्स कलाशाळेत शिकायला गेला. तिथे त्याने रेखाटन आणि मुद्राचित्रण (ठसा घेऊन चित्र छापणं) केलं. 2006 मध्ये एमबीई हा ब्रिटिश किताब मिळाला आणि त्याच वर्षी लंडनमध्ये स्वतःची गॅलरी उघडली. त्यामुळे ‘जन्मजात असेल तर शिकवून बिघडेल’ ही भीती सोडून द्यावी.

मुलगा सात वर्षांचा, स्वमग्न. दिवसभर लोकल आणि रुळांचे सांधे काढतो. त्याला क्लास लावावा का? (डोंबिवली)

आधी एक स्पष्ट सांगतो. स्वमग्न व्यक्तींत असं ठळक कौशल्य साधारण दहांत एकाला असतं, असा अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ डॅरल्ड ट्रेफर्ट यांचा अंदाज आहे. त्यातही विल्टशरसारखे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मुलाला तसं व्हायला लावू नका, पण लोकलही बंद करू नका. ‘लोकल पुरे, आता झाड काढ’ म्हणणारा क्लास नको. तोच विषय थोडा ताणणारा शिक्षक बघा : आज लोकल पुलावरून, उद्या रात्रीची, परवा डबा आतून. कागद मागायची संधी जरूर द्या, पण विल्टशरच्या शाळेची युक्ती घरी शिक्षा म्हणून वापरू नका. कागद दिसेल पण हात पोचणार नाही एवढ्या उंचीवर ठेवा, आणि शब्द, खूण किंवा चित्रकार्ड, यांपैकी काहीही केलं की लगेच द्या.

सामानाचं म्हणाल तर, स्केचपेनची रंगशाई उजेडाने उडते आणि वहीचा कागद पिवळा पडून कडांना तुटतो. 150 जीएसएमच्या (कागदाच्या वजनाचं माप) पुढचा आम्लविरहित कार्ट्रिज कागद, म्हणजे चित्रकलेचा जाड कागद, आणि पिगमेंट शाईचं फाइनलायनर (बारीक टोकाचं पेन) घ्या. मुलं दाबून काढतात, 0.1 चं टोक दोन दिवसांत आत जातं, त्यामुळे 0.5 ने सुरुवात करा. गाडी एका कागदात मावत नाही तेव्हा कागद जोडायला सेलोटेप लावू नका, काही वर्षांत तपकिरी डाग पडतो. मागून पातळ कागदाची पट्टी मिथाइल सेल्युलोजच्या खळीने चिकटवा. मैद्याच्या खळीला पावसाळ्यात कसर लागते. लॅमिनेशन तर अजिबात नको, ते परत निघत नाही. मागे पेन्सिलीने तारीख टाका आणि 600 डीपीआयला स्कॅन करा.

मुलगी एकोणीस वर्षांची, स्वमग्न आहे, चित्रं विकली जातात. कागदपत्रांत काय बघावं? (नाशिक)

मूळ चित्र विकलं म्हणून त्याचा कॉपीराइट गिऱ्हाइकाकडे जात नाही, त्यासाठी लेखी करार लागतो. गोची आहे ती मागणीवरून काढलेल्या चित्रांची. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार, मोबदला देऊन कोणी चित्र काढून घेतलं आणि वेगळा करार नसेल, तर पहिला हक्क काढून घेणाऱ्याचा ठरतो. म्हणून ‘कॉपीराइट चित्रकाराकडेच’ हे वाक्य ऑर्डर घेतानाच लिहून घ्या. कॅलेंडर, मग, टी-शर्टसाठी परवानगी देताना मुदत आणि प्रदेश दोन्ही लिहा. मुदत लिहिली नाही तर पाच वर्षं धरली जातात, प्रदेश लिहिला नाही तर भारत.

अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर आई-वडील आपोआप पालक राहत नाहीत. मुलीला करार समजत असेल, तर सही तिचीच हवी. समजत नसेल, तर राष्ट्रीय न्यास कायदा, 1999 खाली जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वाचा अर्ज करा. बँक खातं मात्र तिच्याच नावाने उघडा आणि चित्रांचे पैसे घरखर्चाच्या खात्यात मिसळू नका.