आमच्या माघारी हिचं कोण?

माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या आईवडिलांची एक तक्रार ठरलेली असते. मुलगी तिशी ओलांडते, चांगली कमावती असते, पण लग्नाचं नाव काढलं की उठून आत जाते. हल्ली मुलांच्या बाबतीतही हेच ऐकते. प्रश्न एकच: हिला तयार कसं करायचं? अशाच एका घराबद्दल त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

कुटुंब सातारा जिल्ह्यातलं. मुलगी बत्तीस वर्षांची, पुण्यात बँकेत नोकरीला. धाकट्या भावाचं लग्न तिच्या आधी झालेलं, त्यामुळे नातेवाइकांना बोलायला आयतंच निमित्त. पहिल्या भेटीला तिचे आईवडील, म्हणजे काका-काकू, दोघेच आले. काकूंनी पिशवीतून प्लास्टिकची जाड फाइल काढली. आत बायोडेटा, पत्रिका, फोटो. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने शेरा होता: ‘नको म्हणाली’, ‘त्यांचा फोन नाही’, ‘गुण जमत नाहीत’. ती फाइल पाहून मला काकूंचा राग आला नाही. एवढी वर्षं एखादी आई हे जपून ठेवते, ते हौसेपोटी नव्हे, धास्तीपोटी.

“लग्न झालं नाही तर नेमकं काय होईल, याची भीती वाटते?” मी विचारलं. काकू म्हणाल्या, “आमच्या माघारी हिचं कोण?” काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “मागल्या वर्षी माझी अँजिओप्लास्टी झाली. हॉस्पिटलच्या फॉर्मवर हिनेच सही केली. ‘रुग्णाशी नातं’ असा रकाना होता, तिथं हिने ‘मुलगी’ असं लिहिलं. हिच्यावर तशी वेळ आली तर त्या रकान्यात कोण काय लिहिणार?”

मुलीशी वेगळं बोलले. तिचा लग्नाला विरोध नव्हताच. “मनाजोगं कुणी भेटलं तर करेन. पण आईला असं वाटतं की मला एकदा कुणाच्या तरी स्वाधीन केलं की ती सुटली. मी काय ठेव आहे का?” तिच्या बोलण्यात राग कमी आणि दुखावलेपण जास्त होतं. आईवडील तिच्या काळजीने झुरत होते आणि तिला त्यात स्वतःबद्दलचा कंटाळा ऐकू येत होता.

पुढच्या भेटीला तिघेही होते. काकू पुन्हा म्हणाल्या, “जगरहाटी आहे ती. सगळ्या जगात लग्नं होतातच की.” मी म्हटलं, होतात, पण कशासाठी होतात ते बघू या. तुमचं कशासाठी झालं? काकू आधी हसल्या, मग सांगू लागल्या. त्यांच्या सासूबाई अचानक गेल्या. घरात चार पुरुष, दोन म्हशी आणि चूल पेटवायला बाईमाणूस नाही. वर्षाच्या आत नाही केलं तर तीन वर्षं थांबायला लागणार, म्हणून अकराव्या महिन्यात लग्न उरकलं. काकू एकोणीस वर्षांच्या होत्या. “ह्यांना मी आवडले का, हे कुणी विचारलंच नाही. भाकरी येते का, एवढं विचारलं.” मुलीने हे कधी ऐकलं नव्हतं. काकाही खाली बघत होते.

लग्नाच्या गाठोड्यात माणसांनी किती कामं बांधली आहेत, हे अशा वेळी दिसतं. घराला कामाचे हात, जमिनीला वारस, मुलांना नाव, दोन घराण्यांची सोयरीक, म्हातारपणाची सोय, शरीरसुख, सोबत. आपल्याकडे मामाची मुलगी करायची रीत बऱ्याच समाजांत आहे, तीही दोन घरांचं नातं पुढच्या पिढीत टिकावं म्हणूनच. हिमाचलातल्या किन्नौरमध्ये सगळ्या भावांची मिळून एकच बायको असे, कारण डोंगरातल्या तुटपुंज्या जमिनीचे तुकडे पडले तर कुणाचंच पोट भरलं नसतं. एडमंड लीच या मानववंशशास्त्रज्ञाने १९५५ साली लग्नातून मिळणाऱ्या हक्कांची एक यादी केली आणि दाखवून दिलं की त्यांतला एकही हक्क सगळ्या समाजांतल्या लग्नात सापडत नाही. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. एका समाजात लग्न जे काम करतं, ते दुसऱ्या समाजात बहीण, मामा किंवा धाकटी लेक करते. मेघालयात खासी लोकांमध्ये धाकटी मुलगी माहेरीच राहते, आईबापांना सांभाळते आणि राहतं घर तिच्याकडे येतं.

मी काकूंना चीनमधल्या लुगू सरोवराकाठच्या मोसुओ लोकांबद्दल सांगितलं. तिथल्या जुन्या रीतीत पुरुष रात्री बाईच्या घरी जातो आणि सकाळी आपल्या आईच्या घरी परततो. मुलं आईच्या घरी वाढतात, त्यांचं बघायला मामा असतो. काकूंनी लगेच विचारलं, “मग म्हातारपणी त्या बाप्याला कोण बघतं?” म्हटलं, बहिणी आणि भाचरं. त्या जरा थांबल्या. “म्हणजे कुणीतरी असतंच की.”

मग मी मूळ भीतीकडे वळले. नवरा बहुधा वयाने मोठा असतो आणि बायका सरासरीने जास्त जगतात, त्यामुळे लग्न झालेल्या कितीतरी बायकांचीही शेवटची वर्षं एकटीनेच जातात. काकूंच्या स्वतःच्या दोन जावा अशाच आहेत, त्यांनीच आठवून सांगितलं. तेव्हा ‘हिचं कोण’ याचं उत्तर लग्न झालं तरी शोधावं लागतंच. भावाला विचारलंत का, असं मी म्हटलं तर तिघेही एकमेकांकडे बघू लागले. कुणीच विचारलं नव्हतं. त्या रात्री काकूंनी फोन केला. तो वैतागून म्हणाला, “आई, ताईला काही झालं तर मी येणार नाही का? हे काय विचारणं झालं?” काकांच्या म्हणण्यानुसार काकू त्यानंतर बराच वेळ रडल्या.

काही गोष्टी कागदावर आणाव्या लागतात. अविवाहित हिंदू बाईने मृत्युपत्र केलं नसेल तर तिची मालमत्ता आईवडिलांकडे आणि ते नसतील तर वडिलांच्या वारसांकडे जाते. तिला सांभाळणाऱ्या मैत्रिणीला काही मिळत नाही. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात, बाकी अवघड काही नाही. आपण बोलण्याच्या अवस्थेत नसू आणि आजार बरा होण्यासारखा नसेल, तर कृत्रिम उपायांनी जगवत ठेवावं का, हे आणि आपल्या वतीने कुणी बोलायचं त्यांची नावं आधीच लिहून ठेवता येतात. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली ही पद्धत बरीच सोपी केली आहे. मुलाची ओढ असेल तर एकटी बाई कायद्याने मुलगा किंवा मुलगी, कुणालाही दत्तक घेऊ शकते. स्वतःचं मूल हवं असेल तर मात्र पस्तिशीनंतर शक्यता कमी होत जाते, हेही मी मुलीला स्पष्ट सांगितलं. आईच्या तोंडून ही गोष्ट टोमणा वाटते, म्हणून ती दडवून ठेवण्यात अर्थ नाही.

तिने मृत्युपत्र केलं, आजारपणात आपल्या वतीने बोलायला भावाचं आणि एका मैत्रिणीचं नाव लिहून दिलं आणि काकांना त्या कागदाची प्रत दिली. स्थळं तिला विचारल्याशिवाय कुणाला कळवायची नाहीत, असं घरात ठरलं. काकूंची इच्छा संपलेली नाही, आणि ती सोडा असं मी त्यांना सांगितलंही नाही. लेकीचं लग्न बघावंसं वाटणं यात गैर काय आहे? मुलीनेही मधे एका माणसाला भेटून आल्याचं आपणहून घरी सांगितलं. पुढे काही जमलं नाही, पण का जमलं नाही हे तिने आईला बसून नीट सांगितलं.