डिशवॉशरमधून कुबट वास येतो, ताटांवर पांढरट थर राहतो. काय करावं?

मशीन जेमतेम आठ महिन्यांचं आहे, घरी बोअरचं पाणी येतं आणि कंपनीचा माणूस येण्याआधी घरी काय करता येईल, असं तुम्ही विचारलंय. मशीन बिघडलेलं नसावं. वास बहुतेक फिल्टरचा असतो आणि थर पाण्यातल्या क्षारांचा. आमच्या पुण्यातल्या सोसायटीतही बोअर आणि टँकरचंच पाणी, त्यामुळे दोन्हीतून मी गेलेय.

आधी फिल्टर. खालचा रॅक बाहेर काढलात की तळाशी जाळीचं नळकांडं दिसेल, ते फिरवून वर उचला. आमचं पहिल्यांदा काढलं तेव्हा कढीपत्त्याची पानं, भाताची शितं आणि त्यांना धरून बसलेलं मेणचट तूप निघालं. गरम पाणी, भांड्यांचा साबण आणि जुना टूथब्रश एवढं पुरतं. तारेची घासणी लावू नका, बारीक जाळी फाटते. बसवताना घट्ट फिरवा. मी एकदा घाईत सैल ठेवला, तर लिंबाची बी पंपात गेली आणि पाणी तळाशीच तुंबलं. आता दर रविवारी फिल्टर निघतोच.

पाणी फवारणारे हातही काढून उजेडात धरा. भोकांत मोहरी अगदी मापाने बसते! टूथपिकने काढा. दाराची खालची कड आणि रबर ओल्या फडक्याने पुसा, तिथे फवारा पोचतच नाही आणि वास तिथूनही येतो.

आता पाणी. मशीनच्या पोटात पाणी मृदू करणारी राळ असते. ती कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरून ठेवते आणि मिठाच्या पाण्याने पुन्हा ताजी होते. म्हणून मीठ संपू देऊ नका. डिशवॉशरचंच जाड मीठ घाला. स्वयंपाकाच्या बारीक मिठात गुठळ्या होऊ नयेत म्हणून घातलेले पदार्थ असतात, ते तिथे चालत नाहीत. मीठ भरलं की सांडलेलं पुसा, झाकण घट्ट लावा आणि लगेच मशीन चालवा, नाहीतर खारं पाणी स्टीलला खातं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे, बोअरचं पाणी कितीतरी वेळा त्याच्या वर जातं. तेव्हा पाणी तपासून घ्या आणि मशीनमधली कठीणपणाची सेटिंग त्याप्रमाणे बदला. ही सेटिंग बहुतेक घरांत कुणी बघितलेलीच नसते, मला त्याचंच वाईट वाटतं.

साचलेल्या थरासाठी रिकाम्या मशीनमध्ये चार-पाच चमचे लिंबूसत्व घालून सगळ्यात गरम सायकल लावा. मी दोन महिन्यांतून एकदा करते. त्यात ब्लीच मात्र कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो.

काचेचे ग्लासही धुरकट झाले असतील तर एकावर व्हिनेगर चोळून बघा. निघालं तर क्षार आहेत, वरच्या उपायांनी जातील. नाही निघालं तर काचच झिजली आहे, तो ग्लास पुढे हातानेच धुवा.