गोळी सुरू केली तर माझी साक्ष खोटी ठरेल का?

मिरजेत समुपदेशन करताना चर्चच्या मंडळीतलं कुणी ना कुणी विचारतंच, "ताई, रोज औषध घ्यायचं म्हणजे विश्वास कमी पडला, असंच ना?" मध्यंतरी एका मावशींनी हे रडत रडत विचारलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

मावशींना बरीच वर्षं मधुमेह. तीन दिवसांची उपास-प्रार्थना झाली आणि घरच्या मशीनवर साखर ११८ आली. एरवी दोनशेच्या घरात असायची. कुणीतरी म्हणालं, "प्रभूनं बरं केलं, आता गोळ्या कशाला?" रविवारी मावशींनी चर्चमध्ये उभं राहून देवानं बरं केल्याची साक्ष दिली आणि गोळ्यांचा डबा कपाटात गेला. तीनेक महिन्यांनी चपलेच्या पट्ट्यानं झालेली जखम भरेना, तेव्हा मुलानं तपासणीला नेलं. एचबीए१सी, म्हणजे सरासरी साखरेची रक्ततपासणी, १०.४ आली. खूपच जास्त.

साखरेचं त्यांना तेवढं वाटत नव्हतं. "आता गोळी घेतली तर देवाला खोटं पाडल्यासारखं होईल. मंडळीला काय तोंड दाखवू?"

आधी रिपोर्ट समजावला. बोटाला टोचून कळते ती त्या घडीची साखर. पोटात अन्न नसलं की ती उतरते. एचबीए१सीचं तसं नाही. लाल रक्तपेशी साधारण १२० दिवस जगते आणि रक्तातली साखर तिला चिकटत जाते. त्यामुळे आदल्या दिवशी कितीही कडक उपास केला तरी हा आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांचाच हिशेब सांगतो. मावशी कागदाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे देवही माझा रविवार बघत नसणार, रोजचंच बघत असणार." मी त्यात काही भर घातली नाही.

मग बायबलमधला यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा ३८वा अध्याय काढला. हिज्कीया राजा मरणाला टेकलेला, भिंतीकडे तोंड करून रडतो, आणि देव त्याला १५ वर्षं वाढवून देतो. वचन मिळालं. तरीही त्याच अध्यायात यशया गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगतो. खुद्द संदेष्ट्यानं सांगितलेलं औषध! मिरजकरांना तर हे नवं वाटू नये. १८९४ मध्ये इथलं मिशन हॉस्पिटल सुरू करणारे डॉ. विल्यम वॉन्लेस मिशनरीच होते.

प्रार्थनेच्या नावाखाली कुणाची औषधं बंद करायला लावणं मला अजिबात मान्य नाही. मधुमेहात अशानं पाय जातो, डोळे जातात. मावशींना एवढंच सांगितलं, की प्रार्थनेत तुम्हाला मिळालेली शांती खरीच होती, ती साक्ष मागे घ्यायची नाही. 'बरी झाले' एवढं घाईचं होतं, ते दुरुस्त करता येतं.

"मग पूर्ण बरं का नाही केलं मला?" याचं उत्तर माझ्याकडे नाही. बायबलमधल्या प्रेषित पौलानं 'देहातला काटा', म्हणजे त्याला छळणारा त्रास, काढ म्हणून देवाला तीनदा विनवणी केली, तरी तो निघाला नाही. तो भाग दोघींनी वाचला आणि प्रार्थना केली.

डॉक्टरांनी गोळ्या नव्यानं ठरवून दिल्या, जखमेचं ड्रेसिंग सुरू झालं. पुढे मावशी स्वतःहून महिला मंडळात बोलल्या, तेव्हा आणखी दोघी पुढे आल्या. त्यांनीही गोळ्या सोडल्या होत्या. त्यांना मी आधी डॉक्टरांकडे पाठवलं. उपास धरायचा असेल तरी आधी डॉक्टरांना विचारायचं. इन्सुलिन किंवा काही गोळ्या चालू असताना उपाशी राहिलं तर साखर ७०च्या खाली जाऊ शकते. हातपाय थरथरले, घाम फुटला, तर उपास तिथंच सोडून लगेच साखरपाणी घ्यायचं.