दहावीचं बीजगणित पाणी-विजेच्या बचतीतून खरंच शिकवता येतं का, की नुसता देखावा होतो?

शाळेत 'पाणी वाचवा, वीज वाचवा' सप्ताह आहे, मुख्याध्यापकांनी गणिताच्या तासालाही तोच विषय घ्यायला सांगितलाय, आणि त्यातून बीजगणिताचं काही होईल का अशी तुम्हाला शंका आहे. मी नगर जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत नववी-दहावीला गणित शिकवतो. माझ्या अनुभवानं, होतं. मात्र 'रामूने ५ लिटर पाणी वाचवले, श्यामूने त्याच्या दुप्पट' अशी उदाहरणं करणार असाल तर वयाचीच उदाहरणं बरी. तिथे निदान पाण्याचं नाव बदनाम होत नाही.

विजेच्या बिलापासून सुरुवात करा. मुलांना घरून बिलं आणायला सांगू नका. कुणाचं बिल थकलेलं असतं, कुणाकडे मीटर शेजारच्याच्या नावावर असतो, आणि वर्गात सगळं उघडं पडतं. शाळेचं किंवा स्वतःचं बिल घ्या, ग्राहक क्रमांक झाका. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वीज शुल्क हे सगळं फळ्यावर एकदा लिहून दाखवा आणि मग हिशेबासाठी सोपे आकडे धरा. समजा ६० युनिटला ४४० रुपये आले आणि ८५ युनिटला ५६५. युनिटचा दर क्ष, स्थिर आकार य. दोन समीकरणं झाली, एकातून दुसरं वजा केलं की २५क्ष = १२५. दर ५ रुपये, स्थिर आकार १४०. एकसामयिक समीकरणांच्या धड्यात य म्हणजे काय हे मुलांना सहसा कळत नाही. इथे कळतं: महिनाभर घराला कुलूप असलं तरी येणारे १४० रुपये.

आता तिसरं बिल द्या, १३० युनिटचं. मुलं ७९० सांगतात. बिलावर ९७० असतात. वर्गात गलका होतो, आणि तो होऊ द्या. कारण १०० युनिटनंतर दुसरा टप्पा लागतो. पुढच्या ३० युनिटना आपण ११ रुपये दर धरलेला असतो. आलेख काढला की रेषा १०० पाशी मोडून जास्त उभी होते. महावितरणचे घरगुती टप्पे १०१ ते ३००, ३०१ ते ५०० असे पुढेही आहेत, म्हणजे मोडलेली रेषा काढायला भरपूर वाव आहे.

या मोडलेल्या रेषेवरच माझा सगळा भर असतो. एक युनिट वाचवलं तर किती पैसे वाचतील, असं विचारलं की हुशार मुलंसुद्धा ९७० भागिले १३० करून साडेसात रुपयांच्या आसपास सांगतात. उत्तर ११ आहे, कारण वाचलेलं युनिट वरच्या टप्प्यातून कमी होतं. बचतीला एकूण बिलाशी देणंघेणं नसतं, ज्या जागी आपण उभे आहोत तिथल्या रेषेच्या चढाशी असतं. भूमितीत चढ शिकताना हा अर्थ कुणी सांगत नाही.

लगेच पंख्याचं गणित घ्या. साधा पंखा ७५ वॅटचा, नवा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटारीचा) पंखा २८ वॅटचा. किमतीतला फरक १४०० रुपये धरू. हजार तास चालवला तर ४७ युनिट वाचतात. दर ५ असेल तर हजार तासांना २३५ रुपये, ११ असेल तर ५१७. रोज १२ तास पंखा चालणाऱ्या घरात जादा पैसे वसूल व्हायला पहिल्या टप्प्यात सुमारे सोळा महिने लागतात, दुसऱ्या टप्प्यात साडेसात. म्हणजे ज्याला बचतीची जास्त गरज, त्याचीच वसुली उशिरा. हे वाक्य एका मुलीनं वर्गात म्हटलं होतं. त्यावर मी फार बोललो नाही, पुढचं उदाहरण दिलं.

ग्रामीण शाळा असेल तर पुढचा प्रश्न मुलांकडूनच येतो: आमच्या मोटारीचं काय? मीटर नसलेल्या कृषिपंपाचं बिल अश्वशक्तीवर ठरतं. मोटार दोन तास चालवा नाहीतर आठ तास, आकडा तोच. आलेख आडवा, चढ शून्य. आणि एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना राज्यात मोफत वीज आहे, म्हणजे तीच आडवी रेषा थेट अक्षावर आली. आता त्याच कागदावर दुसरा आलेख काढायला सांगा: मोटारीचे तास आणि विहिरीतली पाण्याची पातळी. तो आडवा नाही. पैशाच्या आलेखात बचतीला कारण उरत नाही आणि पाण्याच्या आलेखात पुरेपूर उरतं. इथे भाषण देण्याचा मोह होतो, पण दोन्ही आलेख शेजारी ठेवून गप्प बसलेलं बरं.

वर्गसमीकरणांसाठी मात्र एक बाटली पुरते. सरळ अंगाची मोठी प्लॅस्टिकची बाटली घ्या, तळाच्या थोडं वर तापवलेल्या खिळ्यानं साडेतीन मिलिमीटरच्या आसपास भोक पाडा, बाहेरून कागदाची पट्टी चिकटवा, शून्य भोकाच्या पातळीला. झाकण काढून पाणी सोडा आणि दर मिनिटाला पातळी लिहा. भोक नीट जमलं तर १६ सेंटीमीटरचं पाणी साधारण ४ मिनिटांत संपतं आणि आकडे याच्या जवळ येतात: १६, ९, ४, १, ०. मुलं म्हणतात, हे तर वर्ग आहेत! उंची = (४ − मिनिटं)². पाणी कमी झालं की दाब कमी होतो आणि धार मंदावते. धारेचा वेग उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो, हे सतराव्या शतकात इटलीच्या तोरिचेल्लीनं दाखवलं.

आता विचारा, बाटली अर्धी कधी झाली? (४ − त)² = ८ सोडवलं की दोन उत्तरं येतात, सुमारे १.१७ आणि ६.८३ मिनिटं. दोन्ही धन. 'ऋण उत्तर सोडून द्या' हा पाठ केलेला नियम इथे चालत नाही. ६.८३ का सोडायचं याचं कारण मुलांना बाटलीकडे बघून सांगावं लागतं: ती चौथ्या मिनिटालाच रिकामी झाली होती. अर्धं पाणी रिकामं व्हायच्या एकूण वेळेच्या ३० टक्क्यांहूनही कमी वेळात गेलं, हे त्यातच दिसतं. गळकी टाकी रात्री काठोकाठ भरून ठेवू नये, याचं कारण हेच.

आणि दर मिनिटाला पातळी किती उतरली ते बघा: ७, ५, ३, १. सामान्य फरक −२. म्हणजे पुढच्या धड्याची अंकगणिती श्रेढी त्याच बाटलीत आहे. दहावीत वर्गसमीकरणांनंतर लगेच श्रेढी येते, त्यामुळे हा प्रयोग दोन धड्यांच्या सांध्यावर ठेवा. शेवटच्या सेंटीमीटरला पाणी नुसतं ठिबकतं आणि आकडे बिघडतात, ते सोडून द्या.

गळक्या नळाच्या थेंबांचं काय, तर 'दिवसाला इतके लिटर वाया' असा भित्तिपत्रकावरचा आकडा कधी जसाच्या तसा घेऊ नका. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला ८६,४०० थेंब, एवढंच नक्की. सलाईनच्या साध्या संचातले २० थेंब मिळून एक मिलिलिटर होतात, त्या मापानं सुमारे सव्वाचार लिटर. पण नळाचा थेंब याहून बराच मोठा असतो, आणि किती मोठा हे मोजपात्र धरून मुलांनीच काढायचं. सहगुणक हा मोजून मिळतो, हे एकदा हातानं कळावं.

प्रकल्प हवा असेल तर आमच्या जिल्ह्यातलं हिवरे बाजार घ्या. गावाचे सरपंच राहिलेल्या पोपटराव पवारांच्या पुढाकारानं तिथे दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडला जातो आणि पिकं त्यावरून ठरतात. गावाचं क्षेत्र हजार हेक्टरच्या आत-बाहेर आहे. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर, तर अख्ख्या गावावर जवळजवळ एक कोटी लिटर. त्यातलं किती मुरतं आणि किती वाहून जातं ही चलं ठेवा, बाकी मुलं करतील.

बहुपदींचे अवयव पाडायला मात्र यातलं काही आणू नका. ते सरावानंच येतं, आणि त्या तासाला पाण्याचं नाव काढलं तर सप्ताहाची वही भरण्यापलीकडे काही होत नाही.