गार झुळूक आली की आधी ऑनिंग गुंडाळा

मागच्या अंकात कॅराव्हॅनच्या बॅटरीवर लिहिलं होतं, मला वाटलं त्याचेच प्रश्न येतील, पण बॅटरीचं कोणी काही विचारलंच नाही, सगळ्यांना ऑनिंगचंच पडलंय, म्हणजे कॅराव्हॅनच्या बाजूला पेटीत गुंडाळलेलं असतं आणि सावलीसाठी बाहेर उघडायचं असतं त्या कापडी छताचं. उन्हाळा तोंडावर आहे म्हणून असेल. तर यावेळी सगळे प्रश्न त्याचेच घेतो.

प्रश्न: काका, आम्ही गाडीमागे ओढायची जुनी कॅराव्हॅन घेतली. तिला डाव्या बाजूला ३ मीटरचं ऑनिंग आहे, हँडल फिरवून उघडणारं. घरासमोर पहिल्यांदा उघडून पाहिलं तर पुढचा दांडा एकदम खाली झुकला, आम्ही घाबरून हँडल उलटसुलट फिरवलं, आता कापड मधे झोळीसारखं लोंबून राहिलं. खराब झालं का? (मनीषनगर)

उत्तर: खराब नाही झालं, टेन्शन नका घेऊ. दोन गोष्टी चुकल्या, आणि त्या पहिल्यांदा सगळ्यांच्याच चुकतात.

पहिली म्हणजे पाय. पुढच्या दांड्याच्या पोटात दोन पाय दुमडून ठेवलेले असतात. ऑनिंग पूर्ण उघडेपर्यंत ते आतच ठेवायचे नसतात, साधारण मीटरभर बाहेर आलं की थांबायचं, एकानं दांड्याला खालून हात द्यायचा, दुसऱ्यानं दोन्ही पाय खाली सोडून लॉक करायचे आणि मग बाकीचं उघडायचं, पाय हळूहळू पुढे सरकवत. ३ मीटरचं ऑनिंग बहुतेक अडीच मीटर पुढे येतं, एवढ्या लांब गेलेल्या दांड्याचं वजन नुसत्या ऑनिंगच्या दोन हातांवर, म्हणजे पेटीपासून दांड्यापर्यंत जाणाऱ्या, कोपरात दुमडणाऱ्या पट्ट्यांवर टाकलं तर तो झुकणारच ना.

दुसरी म्हणजे हँडल. ऑनिंगचे हात पूर्ण ताणले गेले तरी तुम्ही फिरवत राहिलात, त्यामुळे कापड गुंडाळलेला रोल आतमधे सुटत गेला आणि कापड लोंबलं. अशा वेळी हँडल बंद करायच्या दिशेनं एक-दोन फेरे फिरवायचं, कापड ताठ झालं की बस. पण उघडायच्याच दिशेनं जोर लावत राहिलात तर रोल पूर्ण सुटून कापड उलट्या बाजूनं गुंडाळायला लागतं, आणि मग माणूस डोक्याला हात लावून बसतो की उघडायला फिरवतो तर बंद का होऊन राहिलं. तसं झालं असेल तर ऑनिंगच्या हातांवर ओझं येऊ न देता उलटं फिरवून पुन्हा सरळ आणा.

एक मात्र नक्की पाळा, त्या दुमडणाऱ्या हातांचे स्क्रू घरी खोलू नका. आत स्प्रिंग ताणून बसवलेली असते, ती सुटली तर हात मोडेल, म्हणजे तुमचा.

प्रश्न: वाऱ्यात ऑनिंग उडू नये म्हणून जमिनीला बांधायचे पट्टे किती लावायचे? आम्ही मे महिन्यात पेंचकडे जाणार, सिल्लारीजवळ मुक्काम आहे. सोबत आलेल्या खुंट्या अल्युमिनियमच्या आहेत, बोटाएवढ्या. (वर्धा रोड)

उत्तर: हा खरा प्रश्न आहे, म्हणून जरा लांबण लावतो, कारण मी स्वतः यात मार खाल्लाय.

मे महिन्यातच आम्ही खिंडसी तलावाच्या काठाजवळ गाडी लावली होती. दिवसभर अंगाची लाही लाही, एक पान हलत नव्हतं, त्यामुळे पाय तेवढे खुंट्यांनी ठोकले आणि पट्टे काही बांधले नाहीत, म्हटलं वारंच नाही तर कशाला. साडेचारच्या सुमारास एकदम गार झुळूक आली. आम्ही सगळे खुश, बायको म्हणे थांबा चहाच ठेवते, मी खुर्ची आणखी पुढे ओढली. कापडानं आधी पोट आत ओढल्यासारखं केलं आणि मग फाट्‌कन फुगलं, दोन्ही पाय खुंट्यांसकट वर, आणि पुढचा दांडा गाडीच्या टपावर जाऊन आदळला. उजवीकडचा कोपर वाकला तो वाकलाच. चहाचं पातेलं मात्र स्टोव्हवर जसंच्या तसं.

नंतर समजलं की ती झुळूक हाच इशारा होता. आपल्या नागपूरकडे दुपारनंतर जे ढग बांधून येतात त्यातली थंड हवा खाली पडते आणि जमिनीवर चारी बाजूंनी पसरते, पावसाच्या आधी, कधी कधी पाऊस एक थेंब पडत नाही तरीही. चव्वेचाळीस-पंचेचाळीसच्या उन्हात बसलेल्या माणसाला ती हवा इतकी बरी वाटते की उठावंसंच वाटत नाही. पण तेव्हाच उठायचं. सोबत धुळीचा वास आला किंवा एका बाजूचं आकाश मातकट दिसायला लागलं तर चहाबिहा सगळं राहू द्या, आधी हँडल फिरवा.

जोर किती असतो ते कागदावर मांडून पाहिलं मी. ३ बाय अडीच म्हणजे साडेसात चौरस मीटर कापड. ताशी ३० किलोमीटरचं वारं त्याच्या अंगावर सरळ बसलं तर साधारण ३२ किलोचा जोर येतो. आता वारं ६०चं झालं तर ६४ नाही, सव्वाशे किलोच्या पुढे जातो, कारण वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. आणि अख्खं ऑनिंग स्वतः वीस-पंचवीस किलोचं. म्हणून पट्टे किती हा प्रश्नच जरा उलटा आहे, पट्टे हे झुळकेसाठी, आणि गुंडाळायला जी दोन मिनिटं लागतात तेवढी मिळावीत म्हणून. आंधीत कोणताच पट्टा कामाचा नाही.

तरी लावायचेच, दोन, एकेका टोकाला एक. पुढच्या दांड्यावरून घेऊन खाली तिरपे जमिनीत. मधे स्प्रिंग पाहिजे, नाहीतर प्रत्येक झटका थेट खुंटीला आणि कोपराला बसतो. स्प्रिंगचा पट्टा नसेल तर जुन्या ट्यूबचं रबर कापून त्याचा जाड वेढा मधे घाला, ट्रकवाले तेच करतात आणि चालतं. खटक्यानं आवळायचा रॅचेट बेल्ट मात्र करकचून आवळू नका, दांडा वाकतो.

आता खुंट्या. त्या अल्युमिनियमच्या बोटभर खुंट्या परत डब्यात टाका. खुंट कसा ठोकायचा हे मी कोणत्या व्हिडिओवरून नाही, आमच्या गल्लीत लग्नाचा मांडव टाकायला आलेल्या पोरांकडून शिकलो. खुंट उभा नाही ठोकायचा, त्याचं डोकं ऑनिंगपासून लांब झुकलेलं ठेवायचं, म्हणजे तणावा (इथे आपला पट्टा) आणि खुंट यांच्यात काटकोन व्हायला पाहिजे. उभा ठोकला की तणावा त्याला हलवून हलवून वर काढतो. जिथे भरवसा नाही तिथे एकामागे एक दोन खुंट ठोकून पुढच्याचं डोकं मागच्याला बांधतात, हे त्यांच्याचकडे पाहिलं. वेल्डिंगवाल्याकडून १६ एमएमच्या सळईचे दीड-दोन फुटी चार खुंट करून घ्या, वर आकडा वळवून, आणि काढायला एक सब्बल सोबत ठेवा कारण ते हातानं निघत नाहीत.

काळ्या मातीचं वेगळंच आहे. उन्हाळ्यात ती विटेसारखी कडक वाटते पण भेगा पडलेल्या असतात, भेगेजवळ खुंट ठोकला तर अख्खं ढेकूळच उचलून येतं, म्हणून सलग जागा बघा. आणि तीच माती एका पावसानं अशी होते की खुंट लोण्यात सुरी घातल्यासारखा जातो आणि तसाच बाहेर येतो. सकाळी पक्का ठोकलेला खुंट रात्रीच्या पावसानंतर पक्का नसतो, परत हलवून बघा. मुरूम असेल तर घाम निघतो ठोकताना पण धरून ठेवतो बापा.

प्रश्न: पाऊस आला तर ऑनिंगखाली बसता येतं ना? वॉटरप्रूफ आहे म्हणून तर घेतलं. (हिंगणा)

उत्तर: रिमझिम असेल तर बसा की, मजा येते. पण एका बाजूचा पाय दुसऱ्यापेक्षा वीतभर खाली करा, म्हणजे पाणी त्या कोपऱ्यातून वाहून जाईल. सपाट ठेवलं तर मधे डबकं साचतं, कापड ताणतं, मग आणखी साचतं. २० मिलिमीटरचा सडाका पडला तर त्या साडेसात चौरस मीटरवर १५० लिटर पाणी येतं, म्हणजे १५० किलो, आणि ते साचलं तर दोन बारीक हातांवर लटकणार. मधे लावायचा एक आडवा ताण-बार मिळतो, तो लावला तर झोळी कमी पडते. डबकं झालंच तर खालून झाडूनं ढकलू नका, अख्खं पाणी एकदम पुढच्या दांड्यावर येतं, त्यापेक्षा एक पाय हळूच खाली करा. मार्चमधे गारा पडतात तेव्हा तर विषयच नाही, बंद.

ओलं गुंडाळावं लागलं तर घरी येऊन दुसऱ्या दिवशी उघडून वाळवायचं. विसरलात तर आपल्या जुलैमधे चार दिवसांत काळे ठिपके पडतात आणि ते निघत नाहीत. धुवायला साधा साबण आणि मऊ ब्रश, थिनर-बिनर नको.

प्रश्न: गाडी कशी लावावी म्हणजे दुपारी जास्त सावली मिळेल? (कामठी)

उत्तर: ऑनिंग डावीकडे असेल तर गाडीचं तोंड दक्षिणेला करा, ऑनिंग पूर्वेला येतं. सकाळी दहापर्यंत ऊन तिरपं आत येईल, तेव्हा चहा घेऊन दुसऱ्या बाजूला बसा. भर दुपारी मे अखेरीला आपल्याकडे सूर्य अगदी डोक्यावर असतो, तेव्हा कुठूनही उघडलं तरी सावली बरोबर कापडाखालीच पडते. पण तीननंतर जेव्हा खरा ताप असतो तेव्हा सूर्य पश्चिमेला गेलेला, आणि अख्ख्या गाडीची सावली तुमच्यावर. २३ मे २०१३ला नागपुरात पारा ४७.९वर गेला होता, अशा दिवशी मात्र ऑनिंगखाली बसायचा हट्ट करू नका, घरी कूलरसमोर बसा.

प्रश्न: ऑनिंगखाली रोडग्यांची पार्टी करायचा विचार आहे, चालेल का? (नंदनवन)

उत्तर: वांग्याचं भरीत ऑनिंगखाली खा, रोडगे मात्र लांब भाजा. गोवऱ्यांची एक ठिणगी वर गेली की कापडाला चण्याएवढं भोक, आणि प्लॅस्टिकचा थर असलेलं कापड जळतं तसं वितळून खालीही गळतं. पंधरा-वीस पावलं दूर, वाऱ्याच्या खालच्या बाजूला. गॅसची शेगडीसुद्धा बाजूचे पडदे लावून आत पेटवू नका.

प्रश्न: रामटेकला माकडं ऑनिंगवर उड्या मारतात हो! (महाल)

उत्तर: मारणारच, त्यांना वाटतं आपल्यासाठीच टाकलंय. तिथे उघडूच नका. हाकलायला गेलात तर खुर्चीवरची पिशवी पण जाईल.

प्रश्न: जबलपूर हायवेला चालत्या गाडीत ऑनिंग उघडलं तर काय, या विचारानं झोप लागत नाही. (कोराडी रोड)

उत्तर: नीट बंद झालेलं उघडत नाही, आतला गिअर धरून ठेवतो. उघडतं ते अर्धवट बंद झालेलं. कापडात डहाळी, बाभळीचा काटा, कोणाचा तरी वाळत घातलेला रुमाल गुंडाळला गेला की एक टोक बोटभर उघडं राहतं, हँडल मात्र जड लागतं म्हणून आपल्याला वाटतं झालं बंद. म्हणून गुंडाळताना कापडावरून हात फिरवा, पाय खटक्यात बसले का बघा, आणि शेवटी दोन्ही टोकांना जाऊन पेटीची फट डोळ्यानं तपासा, दोन्हीकडे सारखी पाहिजे. हँडल काढून आत ठेवा, लटकत सोडू नका. पंधरा-वीस किलोमीटरवर पहिल्यांदा थांबाल तेव्हा परत एक नजर, आणि महिन्यातून एकदा ऑनिंग गाडीच्या भिंतीला धरणारे बोल्ट आवळा, आपले रस्ते ते ढिले करतात. सांध्यांना ग्रीस लावू नका, धूळ चिकटून कणीक होते, कोरडा सिलिकॉन स्प्रे मारा. आणि गावातल्या अरुंद रस्त्यावर डावीकडे बाभळी असतील तर सोबतच्याला खाली उतरवा, पेटी गाडीच्या बाहेर आलेली असते आणि आरशात ती पूर्ण दिसत नाही.